डाव्या वळणावरची भिंगरी

तिला सगळे भिंगरीच म्हणायचे, आणि तेही तोंडावर. एका जागी दहा मिनिटं बसलेली तिला कुणी पाहिली असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. जेवताना दोनदा उठायची, फोनवर बोलताना घरभर फिरायची, सिनेमाला गेली तर मध्यंतराच्या आधीच बाहेर जाऊन एक चक्कर मारून यायची. नवरा गणिताचा मास्तर, स्वभावानं थंड. तो पाहुण्यांना सांगायचा, "बसा, बसा. आमच्याकडच्या खुर्च्या तुमच्यासाठीच आहेत. आमच्या बाईसाहेब उभ्याउभ्या संसार करतात."

आणि गंमत बघा, अशा बाईला नोकरी मिळाली ती इस्पितळात, एक्स-रेच्या खोलीत. वीस वर्षं ती लोकांना एकच वाक्य सांगत आली, "श्वास रोखा, हलू नका." कुणी हललं की हाडाची कड पुसट यायची आणि फोटो परत घ्यावा लागायचा. त्या खोलीत न्याय सरळ होता. चित्र बिघडलं की दोष हलणाऱ्याचा. मशीनचा नाही, तिचा तर नाहीच नाही.

रविवारी मात्र सगळं उलटं. रविवारी ती शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवर जायची आणि हलणाऱ्यांचे फोटो काढायची.

ह्या वेडाला कारणीभूत तिचा धाकटा भाऊ. घरात, गॅरेजात, ट्रॅकवर, सगळीकडे त्याला धाकटाच म्हणत. बेचाळीस वर्षांचा घोडा, तरी धाकटा! दुचाक्या दुरुस्त करायचं त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, वरच्या मजल्यावर तो एकटा राहायचा आणि महिन्यातून दोन रविवार मोटरसायकलींच्या शर्यतीत उतरायचा. आई-बाप गेल्यावर ह्या दोघांना एकमेकांशिवाय रक्ताचं असं कुणी उरलं नव्हतं. त्याला थांब म्हणून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा तिनं आठ वर्षांपूर्वी एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि त्याच्या मागं जायला लागली. निदान डोळ्यांसमोर तरी राहील, एवढाच हिशोब.

पहिल्या वर्षी तिनं सगळे काढतात तसे फोटो काढले. शटर इतकं झटकन उघडायचं-मिटायचं की गाडी जागच्या जागी थिजायची. चाकाची तार न् तार मोजून घ्यावी. धाकट्यानं ते फोटो पाहिले आणि म्हणाला, "ताई, मी ह्यात उभा आहे गं. स्टँड लावून उभा केल्यासारखा दिसतोय."

झालं! बाईच्या डोक्यात भुंगा शिरला. तिनं शटर सावकाश करायला सुरुवात केली. आधी सेकंदाचा अडीचशेवा भाग, मग सव्वाशेवा, मग साठावा. शटर जितकं सावकाश तितकी हालचाल फोटोत उतरते. पण नुसतं सावकाश करून भागत नाही, नाहीतर सगळाच रबडा होतो. गाडी येते तसा कॅमेरा तिच्याबरोबर, अगदी तिच्याच वेगानं वळवत न्यायचा. ह्याला पॅनिंग म्हणतात. जमलं की माणूस लख्ख येतो आणि मागचं गवत, टायरची भिंत, प्रेक्षक, सगळ्याच्या आडव्या रेघा होतात. पाय घट्ट रोवायचे, कोपरं बरगडीला चिकटवायची आणि वळायचं ते फक्त कमरेतून. चाळीस वेळा बटण दाबावं तेव्हा एक फोटो पदरात पडतो.

फोटोत गाडी कुठं ठेवायची ह्याचेही तिचे प्रयोग चालायचे. गाडी अगदी मधोमध ठेवली तर अडकल्यासारखी वाटते, पुढं मोकळी जागा ठेवली तर पळाल्यासारखी. कधी नुसतं हेल्मेट आणि अर्धा खांदा, बाकी सगळा रंगाचा फराटा. कधी गाडी एवढीशी, पार कोपऱ्यात, आणि चित्रभर रस्ता. नवरा म्हणायचा, "तीनशे फोटो काढलेस आणि दोनशे नव्वद फेकलेस. माझ्या वर्गाचा निकालही बरा लागतो."

तिची जागा ठरलेली होती. ट्रॅकचं चौथं वळण, डावीकडं जाणारं, त्याच्या आतल्या बाजूला टायरच्या भिंतीमागं. तिथं गाड्या तिच्याकडं झुकत यायच्या, अगदी जवळून. नव्यानं फोटो काढायला आलेली पोरं तिच्याशेजारी उभी राहायची आणि फोटो पुसट आला की कुरकुरायची, "गाडी फारच हलत होती हो." मग ही फाडकन सुनवायची, "गाडी हलणारच, ती त्यासाठीच आलीय. फोटो पुसट आला ना, मग हललास तू. इथं दोष आपला असतो, लक्षात ठेव."

हे वाक्य तिला पुढं चांगलंच महागात पडलं.

त्या वर्षी धाकट्यानं जाहीर केलं की हा आपला शेवटचा मोसम. बाईला हायसं वाटलं आणि घाईही लागली. तिला त्याचा एक फोटो हवा होता, सेकंदाच्या पंधराव्या भागावर काढलेला. हेल्मेट सुरीसारखं धारदार आणि बाकी सारं जग वाहून गेलेलं. त्या फोटोत तो उभा दिसणार नव्हता, पळणार होता. तेवढा एक मिळाला की तोही सुटला आणि मीही, असं ती म्हणायची.

आणि नेमका तोच फोटो येईना.

पहिल्या शर्यतीत नाही, दुसरीत नाही, चौथीतही नाही. बरं, इतरांचे येत होते! लाल गाडीवाला आला, पंचावन्न नंबरचा आला, ज्याला धड वळताही येत नाही असा एक नवशिक्यासुद्धा लख्ख आला. धाकटा आला की मात्र पुसट. तीस फेऱ्या, तीस पुसट फोटो. एकदा कॅमेरा त्याच्या पुढं गेलेला, एकदा मागं राहिलेला. इतकी वर्षं डोळे मिटूनही जिचा अंदाज चुकला नसता, ती कंबर नेमकी भावाच्याच वेळी दगा देत होती.

इथं दोष आपला असतो. झालं, तेच वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं. बापाचे हात शेवटच्या वर्षांत थरथरायचे, सदऱ्याची बटणंही हीच लावून द्यायची. आता आपली पाळी आली, असं तिनं ठरवूनच टाकलं. सकाळी उठली की हात पुढं करून बोटं बघायची. चमच्यात काठोकाठ पाणी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जायची, सांडलं की पुसायची, परत भरायची. नवऱ्यानं विचारलं, "हा कुठला नवीन व्यायाम?" तर त्याच्यावरच खेकसली.

शेवटी इस्पितळातल्याच मेंदूच्या डॉक्टरांना तिनं गाठलं. त्यांनी तिला नाकाला बोट लावायला लावलं, एका रेषेत चालायला लावलं, कागदावर गोल गोल रेघा काढायला लावल्या. मग म्हणाले, "बाई, हात ठणठणीत आहेत तुमचे. डोकं तेवढं जरा गार ठेवा."

डोकं कुठलं गार राहतंय! हात ठणठणीत आहेत तर फोटो का बिघडतो? ती पुढच्या रविवारपर्यंत घरात येरझाऱ्या घालत राहिली.

त्या रविवारी मोसमातली शेवटून दुसरी शर्यत होती. तिनं ठरवलं, आपली कंबरच ह्यातून काढून टाकायची. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला, लेन्सपुढं काळी काच लावली म्हणजे भर उन्हातही शटर अर्धा सेकंद उघडं ठेवता येतं, आणि ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्याच्या उंच माचावरून कॅमेरा थेट वळणाच्या तोंडाशी रोखला. आता तिनं हलायचंच नव्हतं. गाडी येणार आणि तिची नुसती एक रंगीत रेघ फोटोवर उमटणार. निम्मी शर्यत तिनं चौथ्या वळणाच्या रेघा घेतल्या आणि निम्मी त्याच माचावरून दिसणाऱ्या पाचव्याच्या. ते वळण उजवीकडं जायचं.

घरी येऊन तिनं एकेका गाडीच्या आठ-आठ फेऱ्या कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवल्या. लाल गाडीच्या आठ रेघांची मिळून एकच जाड रेघ झाली. पंचावन्न नंबरचीही तशीच. मुरलेला माणूस प्रत्येक फेरीला वीतभरही इकडंतिकडं होत नाही. मग तिनं धाकट्याच्या निळ्या रेघा ठेवल्या. त्या झाडूसारख्या फाकल्या. आठ फेऱ्यांच्या आठ वाटा, आणि आठही वळणाच्या आतल्या कडेपासून लांब. एक हातभर लांब, एक दोन हात, एक तर पार मधोमध. दर फेरीला वाट वेगळी, तर कॅमेरा त्याच्याबरोबर वळणार कसा?

पाचव्या वळणावरच्या निळ्या रेघा तिनं भीतभीतच एकत्र केल्या. तिथं एकच रेघ आली, दोरी आखल्यासारखी.

उजवीकडं चोख आणि डावीकडं चाचपडत! वीस वर्षं जी लोकांच्या शरीराची डावी-उजवी बाजू बघत आली, तिला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. तिनं मोसमभराचे फेकायचे राहिलेले पुसट फोटो परत उघडले. त्यात धाकट्याचं हेल्मेट वळणाच्या कितीतरी आधीच डावीकडं पूर्ण फिरलेलं, काच थेट कॅमेऱ्याकडं. ह्याच फोटोंवरून तिनं त्याची थट्टा केली होती, "काय रे, पोझ देतोस होय?" तो हसला होता. मूर्खासारखी तीही हसली होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून ती थेट गॅरेजात गेली. तो स्टुलावर बसून ब्रेकची तार ओवत होता. ती काही न बोलता त्याच्या डाव्या अंगाला गेली आणि टेबलावरचा पाना उचलून त्याच्या डोळ्याच्या कडेशी धरला. तो तार ओवत राहिला. तिनं पाना हलवला. तो तार ओवत राहिला.

"केव्हापासून दिसत नाही?" तिनं विचारलं, तसा तो दचकून स्टुलावरून अर्धा उठला.

"काय दिसत नाही? तू अशी मांजरीसारखी येतेस आणि वर..."

"थापा मारू नकोस. मी काय धरलंय हातात?"

त्यानं मान वळवून बघितलं आणि मग खाली घातली. तारेशी चाळा करतच तो बोलला. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी डाव्या डोळ्यापुढं अंधारी आली ती गेलीच नाही. दुसऱ्या गावच्या डॉक्टरला दाखवलं होतं. आतला पडदा सुटलाय, यायला उशीर केलात, आता त्या डोळ्याचं काही होणार नाही, असं त्यानं सांगितलं.

"आणि शर्यतीच्या क्लबची तपासणी? ती कशी पास झालास?"

"तक्ता पाठ आहे मला. दहा वर्षं तोच टांगलाय तिथं," तो म्हणाला, आणि त्याला हसूही आलं. तिला नाही आलं.

"दोन्ही डोळे धड असल्याशिवाय गाडीवर बसू देत नाहीत. हा नियम काय गंमत म्हणून केलाय? तुझ्याबरोबर तीस गाड्या असतात! तू मेलास तर मेलास, डावीकडून येणाऱ्या एखाद्याला घेऊन मेलास तर?"

"ताई, एकच शर्यत राहिलीय. एकच रविवार. मग मी स्वतः जाऊन सांगतो. बावीस वर्षं चालवतोय मी गाडी, आंधळा म्हणून नाव खोडून घेऊन जायचं का तिथून?" आणि मग आवाज खाली आणून, "तू सांगितलंस ना, तर परत ह्या दारात येऊ नकोस."

तो आठवडा कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. सांगावं तर भाऊ तुटतो, न सांगावं तर भाऊ मरतो. इकडं आड, तिकडं विहीर. तिनं कपाटं आवरली, आवरलेली परत आवरली. इस्पितळात एका म्हातारबुवांच्या उजव्या गुडघ्याऐवजी डाव्याचा फोटो काढला, वीस वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. त्यानं पुढ्यातल्या वह्या बाजूला सारल्या आणि म्हणाला, "रागावलेला भाऊ घरी आणता येतो गं." बस, एवढंच. त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही.

शनिवारी सराव होता. तिनं रेघांचे दोन फोटो मोठे छापून घेतले होते, चौथं वळण आणि पाचवं वळण. ते काखोटीला मारून ती क्लबच्या कचेरीत शिरली. क्लबचे अध्यक्ष म्हणजे जुने शर्यतवाले, पोट सुटलेले, मनानं दिलदार. उद्याच्या शर्यतीची यादी त्यांच्या पुढ्यातच होती. तिनं फोटो टेबलावर पसरले. तिला वाटलं, फोटो बघतील आणि कळेल त्यांना. आपल्याला बोलावं लागणार नाही.

अध्यक्षांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"अगं, काय काढलंयस हे! वा वा वा!" ते ओरडलेच. "ह्या सगळ्या नुसत्या गाड्या? आणि ही निळी तर बघा, पिसारा फुलल्यासारखी! यंदाच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर हाच लावू. थांब, धाकटा बाहेरच आहे. ए धाकट्या! इकडं ये, ताईनं तुझं काय केलंय बघ!"

धाकटा हेल्मेट हातात घेऊनच आत आला. त्यानं आधी बहिणीकडं बघितलं, मग मान वाकडी करून उजव्या डोळ्यानं फोटोंकडं. रंग उतरला त्याचा. ज्यानं ती वळणं घेतली होती, त्याला ते चित्र वाचता येणारच.

"पण हे जमवलंस कसं?" अध्यक्ष आपल्याच आनंदात. "बाकीच्यांची एकेक रेघ आणि ह्याच्याच फाकलेल्या. काही युक्ती केलीस का कॅमेऱ्याची?"

धाकटा तिच्याकडं बघत होता. त्याचे ओठ हलले नाहीत, पण नको म्हणतोय हे तिला स्पष्ट दिसलं. हो म्हणायचं होतं फक्त. होय, युक्ती केली. एवढं म्हटलं असतं की फोटो मुखपृष्ठावर गेला असता आणि धाकटा ट्रॅकवर.

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "कॅमेरा हलला नाही, मी हलले नाही. त्या रेघा त्याच्या आहेत. त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. हिवाळ्यापासून. त्याचं नाव काढा यादीतून."

अध्यक्षांनी धाकट्याकडं बघितलं. तो नाही म्हणाला नाही. त्यांनी हळूच खुर्ची मागं सारली आणि पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशालाच होतं.

भाऊ आता शिव्या देईल, हेल्मेट आपटेल, नाहीतर तोंड न दाखवता निघून जाईल, अशी तिनं मनाची तयारी केली होती. पण तो टेबलाजवळ आला. हेल्मेट त्यानं यादीशेजारी ठेवलं आणि फोटोतल्या पाचव्या वळणावर बोट टेकवलं.

"इथं बरोबर आहे," तो म्हणाला.

"हो, तिथं तुला दिसतं ना."

"तसं नव्हे. दुसरं वळणही डावंच आहे. नववंही. तिथं लावला असतास कॅमेरा तर तिथंही एकच रेघ आली असती. बावीस वर्षं झाली, ती वळणं मी मोजून घेतो गं, बघायला लागत नाही." मग त्याचं बोट चौथ्या वळणावर आलं, फाकलेल्या रेघांवर. "इथं तू असतेस."

तिला क्षणभर कळलंच नाही.

"आत, डाव्या हाताला, टायरच्या मागं," तो म्हणाला. "आहेस हे माहीत असायचं. गेल्या रविवारी माचावर होतीस हे मला कुठं ठाऊक! दिसायची नाहीस. पार मान फिरवायचो तरी कधी सापडायचीस, कधी नाही. टायरची भिंत आहे, तुला काही होणार नाही, हेही कळायचं. पण गाडी तिकडं झुकवायला हात धजेना. मग जागा सोडायचो. जरा जास्तच सोडायचो."

मोसमभर जे फोटो तिनं स्वतःला शिव्या घालत फेकून दिले होते, त्यातल्या प्रत्येकात तो तिला चुकवून गेला होता. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली सणसणीत.

"मग एक शब्द सांगायचास ना, गाढवा! मी पलीकडं जाऊन उभी राहिले असते. बाहेरच्या अंगाला. मला काय, कुठूनही फोटो काढता आले असते. नुसतं म्हणायचं होतंस, ताई, उजव्या हाताला उभी राहा."

"मग तुला कळलं असतं," धाकटा म्हणाला.